गळती सरकवणारे मिस्त्री

छताची गळती बंद करणारे मिस्त्री परतुरात पुष्कळ असतील. ती एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवणारे मात्र आमचेच. दर पावसाळ्यात ते यायचे, चपला जिन्यापाशी काढून गच्चीवर अनवाणी फिरायचे, जागोजागी टाचेने ठोकून कान द्यायचे आणि डॉक्टरच्या गंभीरपणाने सांगायचे, "सर, बिलकुल फिकर करू नका. सापडलं." मग सिमेंट कालवून चिरा बुजवायचे. स्वयंपाकघरातली गळती थांबायची आणि पुढच्या पावसात बैठकीत सुरू व्हायची. विचारलं, तर चेहऱ्यावर अपराधीपणा नाही, उलट माझ्या अज्ञानाची कीव. "पाणी हाय ते. त्याला कुठंतरी जाऊ द्यावं लागतंय का न्हाई?"

माझ्या बायकोला हे म्हणणं पटायचं. एका वर्षी पाणी माझ्या पुस्तकांच्या कपाटावर उतरलं, तेव्हा तिने जिन्यातून हाक मारली, "मिस्त्रीभाऊ, ह्यांच्या पुस्तकांवर नका सोडू बरं! माझ्या शिलाई मशीनवर चालंल."

"मंग तसंच करतो, वहिनी," मिस्त्री वरून म्हणाले, आणि खरोखरच तसं झालं. त्यांनी ठरवलं तसं झालेलं बहुधा हे एकच काम. तेव्हापासून आभाळ भरून आलं, की ती मशीन भिंतीकडे ओढायची, तिच्या जागी पितळी घंगाळ ठेवायची आणि टपटप ऐकत शिवत बसायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. यंदा मशीन सरकवायची मला आठवण झाली, ती चाकावर गंज दिसला तेव्हा. मी मिस्त्रींना बोलावलं. म्हणालो, "या वेळी सरकवू नका. थांबवा."

त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने चाक पुसलं. ठोकणं नाही, भाषण नाही. उघडीप मिळताच गच्चीवरचा सगळा कोबा उखडून त्यांनी नवा घातला. चहालाही खाली आले नाहीत.

त्यानंतर मोठे पाऊस झाले. घर कोरडं. परवा मिस्त्री बघायला आले. आम्ही दोघं माना वर करून उभे.

"कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

"बैठकीत? कपाटावर?"

"नाही."

त्यांनी खांद्यावरच्या रुमालाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "वहिनींनी इचारलं असतं, 'मिस्त्रीभाऊ, आता पुढच्या साली येणार का न्हाई?'"

नळाचं काम त्यांना येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरी मी म्हणालो, "स्वयंपाकघरातला नळ थोडा ठिबकतोय."

त्यांचा चेहरा उजळला. "मी बघतो ना, सर."

"घाई नाही," मी म्हणालो.