डावीकडचा ब्रॅकेट

इंजिन चौथ्यांदा वर उचललं तेव्हा माझा संयम संपला. गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची: लहानशी, लाल, दोन दारांची जुनी इटालियन स्पोर्ट्स कार. आबा आयुष्यभर डेंटर होते, गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे. एका गिऱ्हाइकाने देश सोडताना ती त्यांना देऊन टाकली होती. तिचं मूळ इंजिन जाम झालं, पार्ट मिळेनात, म्हणून मी तिकडच्याच एका मोठ्या गाडीचं इंजिन खटपट करून मिळवलं. आबांना दसऱ्याला ती स्वतः चालवत निघोज्याला, आमच्या गावी न्यायची होती. त्यांचे गुडघे पाहता पुढच्या दसऱ्याचा काही भरवसा नव्हता.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दुसऱ्यांचा माल रिजेक्ट करणं हेच माझं काम. त्यामुळे इंजिन बसवायचे ब्रॅकेट मी रीतसर ड्रॉइंग काढून करून घेतले. गाडीची उजवी बाजू व्हर्निअरने मोजली आणि डावीसाठी कॉम्प्युटरवर तीच उलटी करून घेतली. कंपनीत आम्ही असंच करतो. "दोनी बाजू मोज," आबा म्हणाले होते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उजवीकडचे बोल्ट पहिल्या झटक्यात बसले. डावीकडची भोकं नऊ मिलिमीटर सरकलेली. नऊ! एवढ्यात आमच्याकडे अख्खा लॉट परत जातो. मग आठवडाभर ड्यूटीवरून आले की पिंपळे गुरवच्या आमच्या पार्किंगमध्ये इंजिन उचलायचं, उतरवायचं आणि त्या इटालियन कारागिराचा उद्धार करायचा, एवढंच चाललं होतं. "कुठल्या आंधळ्याने ठोकलाय हा पत्रा!" आबा मुकाट्याने टॉर्चचा उजेड धरून उभे असायचे.

चौथ्या खेपेला मी पाना भिरकावला.

"त्यो आंधळा मीच हाय," आबा म्हणाले. "गाडी पहिल्यांदा माझ्याकडं कामाला आली तवा डावी बाजू पार आत गेलती. नुसत्या नजरंनं सरळ केली."

"मग आठवडाभर गप्प का बसलात?"

"सांगितलं की, दोनी बाजू मोज म्हणून. त्याच्या म्होरं काय सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खंडेनवमी दुसऱ्याच दिवशी होती. ब्रॅकेट करून देणाऱ्या वर्कशॉपवाल्याने मशीनं धुऊन पूजेसाठी बंद ठेवली होती. नवा ब्रॅकेट आता दसऱ्यानंतरच. "पत्राच काप," आबा म्हणाले. "ग्रायंडर पूजेत मांडायच्या आत काप. दसरा गाठू."

मी ग्रायंडर उचलला. त्या पत्र्यावरून हात फिरवला तर ठोक्याची एकही खूण हाताला लागेना. ग्रायंडर खाली ठेवला. आबा तावातावाने भांडले, मीही भांडले, पण पुन्हा काही तो उचलला नाही.

दसऱ्याला आम्ही निघोज्याला बसने गेलो. पारावर कुणीतरी विचारलं, "गाडी आणनार व्हता न्हवं?"

"काय आणतोय," आबा करवादले. "पोरगी माझा पत्रा कापंना."