दोन हात अंगण

आमची बौद्ध वस्ती संपते तिथं शेजारच्या मावशीचं घर. तिच्या आणि आमच्या घरांमध्ये भिंत नाही, नुसतं अंगण. रोज सकाळी खराटा मारत ती दोन हात माझ्या बाजूला यायची आणि म्हणायची, "हे बी मायंच हाये, ध्यानात ठेव." मी हद्दीचा दगड दाखवला की त्या दगडावरच सडा टाकायची.

गावात मिरवणुकीवरून भांडण पेटलं आणि आमच्या वस्तीवर दगड आले. घरात मी आणि अंथरुणाला खिळलेली सासू, दोघीच होतो. काठ्या घेतलेली माणसं आमच्या दाराकडे वळली, तेव्हा ती खराटा घेऊन अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"हे सारं अंगण मायं हाये. कोन पाय टाकते बे, पाहू दे मले!"

माणसं तिच्याच भावकीतली, तिची जीभ ओळखून होती. शिव्या देत मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा खराटा पुन्हा दोन हात पुढं आला.

मी म्हटलं, "मावशी, काल तं सारंच तुमचं होतं."

"ते कालचं झालं व," ती मान वर न करता म्हणाली. "आज दोन हाताचंच बोल."