रस्त्यावर पसरलेला हुलगा

सून हुलग्याचं माडगं उकळायला ठेवते, तेव्हा मी उठून अंगणात जातो. त्या वासाबरोबर हुमनाबादजवळचा डांबरी रस्ता डोळ्यांपुढं येतो.

तेव्हा आम्ही काढलेला हुलगा रस्त्यावरच पसरायचो. ट्रक वरून गेले की मळणी आपोआप व्हायची. शर्यतीच्या मोटारी आमच्या रस्त्यानं जाणार, हे मीच पेपरात वाचलं आणि थोरल्या भावाला म्हणालो, "अण्णा, उद्या मोटारीच मोटारी यायल्यात. लवकर पसरू."

सकाळी अख्खं गाव रस्त्याकडेला उभं राहून हात हलवत होतं. पहिली लाल मोटार वळणावर दिसली. तिचा वेग बघून अण्णाचा चेहरा उतरला. "ह्यो घसरतोय रे," म्हणत तो डोक्याचा पटका सोडून, हलवत पुढं धावला. मीही दोन्ही हात हलवले.

मोटार वाळल्या वेलांवरून घसरली आणि बाभळीवर आदळली. चालवणारा जागीच गेला.

"हुलगा कुणाचा?" पोलिसानं विचारलं. गाव गप्प राहिलं. अण्णाही, मीही.

आम्ही त्या मोटारवाल्याला थांब म्हणत होतो. त्याला ते कौतुक वाटलं असावं. घसरण्याआधी स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्यानं तो आमच्याकडं बघत हलवला होता.