शीळ जिथे तुटायची

माझा थोरला भाऊ शीळ घालत घरी यायचा. गल्लीच्या टोकाला चाल सुरू व्हायची आणि दाराशी येता येता एका ठरावीक जागी कापल्यासारखी तुटायची. आई चिडायची. ती पारोळ्याकडची, रागावली की माहेरची बोली बोलायची. "पुरं कर ना रे, जीव टांगणीले लागस!" तो नुसता हसायचा. पुढचं त्याने कधीच वाजवलं नाही. चाल त्यानेच बांधली असावी, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो जळगावहून धुळ्याच्या एस.टी.त बसला तो आलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, नवससायास झाले. त्या दिवसापासून आईने दाराला आतून कडी लावली नाही. मी ओरडायचो, चोर शिरेल एखादा! ती ढिम्म.

आमच्याकडे बारा वर्षं पत्ता नसलेला माणूस गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बारा वर्षं भरली तसे काका मागे लागले. मीही लागलो. खरं सांगतो, त्या उघड्या दाराला मी विटलो होतो. नाही नाही करता आई एकदाची हो म्हणाली आणि दिवस ठरला.

त्याच आठवड्यात मुंबईहून मागवलेली माझी सीडी आली. हा विलायती रॉक बँड म्हणजे भावाने मला लावलेलं वेड. एकेक गाणं वीस मिनिटांचं, आणि ऐकणारे अख्ख्या खानदेशात बहुधा आम्ही दोघंच. अल्बम जुनाच, पण नव्याने काढलेला, शेवटी काही जादा गाणी टाकून. अगदी शेवटच्या गाण्यापुढे कव्हरवर लिहिलं होतं, कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग. म्हणजे टाळ्या हव्यात, आरडाओरडा हवा. तसलं काहीच नाही. नुसता ऑर्गन वाजत राहिला, आणि मग कोणीतरी शीळ घालू लागलं.

तीच चाल.

आई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि माझ्याकडे न बघता थेट दाराकडे गेली. "उना का रे भाऊ?" तो आला असं वाटून तिने बाहेर डोकावलं. दारात कोणी नव्हतं. शीळ त्या ठरावीक जागेपाशी आली आणि तुटली नाही, पुढे गेली. आई उंबऱ्यातच बसली. "त्यानी पुरं करं," ती म्हणाली. "जित्ता शे तो. पुतळा-बितळा काही करानं नही."

झालं! दोन दिवस तिने मला तेच गाणं लावायला लावलं. काका म्हणाले, वहिनीला भ्रम झालाय. अहो, भ्रम मलाही झाला होता. कव्हर सांगत होतं की रेकॉर्डिंग भाऊ जायच्या कितीतरी आधीचं आहे. पण नसलेल्या टाळ्या आहेत म्हणणाऱ्या कव्हरवर विश्वास ठेवायचा तरी कसा?

शेवटी सीडी पिशवीत टाकून मी धुळं गाठलं. भाऊ जिथे कॅसेटी भरून घ्यायचा ते दुकान अजून चालू होतं. दुकानदाराने गाणं ऐकलं आणि हसला. "कव्हर छापणाऱ्याने घोळ घातलाय. हे कार्यक्रमातलं नाहीच. जुन्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला होतं हे. माझ्याकडे होती ना ती! कॅसेटीच्या शेवटी मी हेच भरायचो."

त्याचं म्हणणं, आपलं गिऱ्हाईक पैसे मोजून कोरी टेप घरी नेत नाही. अल्बम संपल्यावर उरलेल्या जागेत काहीतरी लागतंच, मग ते अर्धं का मावेना.

"अर्धं?" मी विचारलं.

"टेप संपेल तिथे खट्!"

घरी येऊन माळ्यावरून भावाची सगळ्यात लाडकी, मला कधी हात लावू न दिलेली कॅसेट काढली. दुसऱ्या बाजूचा शेवट लावला. ऑर्गन, शीळ, आणि बरोबर त्या जागी खट्. टेपरेकॉर्डरचं बटण वर उडालं.

आईने त्या बटणावरून बोट फिरवलं. "म्हणजे त्याले पुढलं माहीतच नव्हतं," ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडली. बारा वर्षांत मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती. मलाही आवरलं नाही. मग डोळे पुसून ती म्हणाली, "करी टाका, काय करानं ते."

पुतळ्याला अग्नी देऊन मी घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सीडी प्लेयरची पिन मी सकाळीच काढून ठेवली होती. आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याशेजारी टेकलो, तेवढ्यात गल्लीच्या टोकाला शीळ सुरू झाली.

गल्लीतल्या कोणीतरी उचलली असेल. दोन दिवस तीच तर वाजत होती. मी आजही हेच म्हणतो. पण तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. शीळ जवळ येत होती. मी उठू लागलो तसं आईने माझं मनगट धरलं.

"थांब. पुरं व्हऊ दे."

ती जागा आली. शीळ तुटली नाही. आमच्या उघड्या दारावरून पुढे गेली आणि शेवटच्या सुरापर्यंत वाजून थांबली.

आई उठली आणि तिने दाराला कडी लावली.