काकी, फोडणी टाकतेय

शेजारच्या शालिनीकाकींच्या मुलाचा, प्रकाशचा फोन आला तेव्हा कढईत तेल तापलं होतं आणि माझ्या मुठीत मोहरी होती. "वहिनी, आई गेली... आत्ताच," एवढंच तो परळच्या हॉस्पिटलातून बोलू शकला. मी गॅस बंद केला. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर कुणीच फोडणी दिली नाही, आणि ते कुणाला सांगावंही लागलं नाही. त्याला आता दीड महिना होईल.

काकी माझ्या शेजारच्याच खोलीतल्या. नात्यागोत्याच्या नव्हेत, पण लग्न होऊन मी या चाळीत आले तेव्हा मासे साफ करायला त्यांनीच शिकवलं, तेही भरपूर ओरडून. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांची खानावळ होती. वीसेक कामगार दोन्ही वेळा त्यांच्या हातचं जेवायचे. त्यामुळे नाक असं तयार, की गॅलरीत भाजी निवडता निवडता कुणाच्या डाळीत हिंग राहिलंय ते सांगायच्या. आणि ते बरोबर निघायचं, हा आणखी वैताग!

कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली आणि तेच नाक त्यांच्यावर उलटलं. पहिल्या डोसनंतर शेजारी कुणी लसूण परतली तरी काकी मोरीकडे धावायच्या. तोंडाला सतत लोखंडाची चव. पाण्यालासुद्धा वास येतो म्हणायच्या. हॉस्पिटलातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, वजन असंच उतरत गेलं तर पुढचा डोस लांबेल. थोडं थोडं खा, गार करून खा, उलटीची गोळी चुकवू नका. आणि डोसच्या दिवसांत आवडीचं खाऊ नका, ते कायमचं नकोसं होतं. काकींनी हे शेवटचं तेवढं मनावर घेतलं. त्या आठवड्यात बांगडा घरात आणायचा नाही. त्याच्याशी वैर नको म्हणे.

मग आम्ही बायकांनी ठरवलं, आणि पुढाकार माझाच होता हे कबूल करते, की काकींच्या वाईट दिवसांत मजल्यावर फोडणी द्यायची नाही. पाच दिवस सगळ्यांनी बिनफोडणीचं वरण आणि उकडलेली भाजी खाल्ली. नवऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मला स्वतःच्या चांगुलपणाचं फार कौतुक वाटत होतं. पण काकी आणखीच मिटत चालल्या. पेजेची वाटी भरलेली जायची, भरलेली परत यायची. पाचव्या दिवशी मी ती घेऊन गेले तर त्यांनी माझा हात धरला.

"चेडवा, मी अजून जिती आसंय ना?"

"असं काय बोलता काकी?"

"मगे सुतक कोणाचा पाळतास तुमी?"

मी वाटी खाली ठेवली. माणूस गेलेल्या घरात फोडणी देत नाहीत, हे मला माहीत नव्हतं थोडंच? आम्ही मायेपोटी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचंच सुतक धरून बसलो होतो... मला लाज वाटली, रडूही आलं. काकींनी मलाच पदर दिला डोळे पुसायला. म्हणाल्या, "वास इलो तर ओकारी येता, ता खरा. पण वासच नाय इलो तर भूक खयसून येतली?"

तोडही त्यांनीच काढली. फोडणी द्यायची, पण आधी हाक मारायची. "काकी, फोडणी टाकतेय" म्हटलं की त्या लिंबू नाकाशी धरून, कठड्याच्या आधाराने गॅलरीच्या रस्त्याकडच्या टोकाला जायच्या आणि तिथून ओरडायच्या, "घाल गो." तोवर तेल तापलेलं, मोहरी मुठीत, आणि आम्ही त्यांची पावलं मोजत उभ्या. त्या परत येईपर्यंत वास निवलेला असायचा, तेवढा त्यांना सोसायचा. आमटी कुणाची ते ओळखायच्या आणि गार पेजेचे पाच-सहा चमचे घ्यायच्या. सगळंच पोटात टिकायचं असं नाही, पण बरंचसं टिकायचं. वजन सावरलं. पुढचे डोस वेळेवर झाले. शेवटच्या डोसनंतर महिन्याभराने त्यांनी स्वतः बांगड्याचं तिखलं केलं आणि मला बोलावून म्हणाल्या, "ये, वैर नाय झाला."

ते सुख वर्षभर पुरलं. मग दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली, आणि या खेपेला ते कशालाच दाद देईना.

तेरावं झालं, मजल्यावर पुन्हा फोडण्या तडतडू लागल्या. परवा मी आमटी करत होते. तेल तापलं, मोहरी मुठीत घेतली आणि तोंडून गेलंच, "काकी, फोडणी टाकतेय." मग थांबले. त्यांच्या दारापासून गॅलरीच्या टोकापर्यंत त्यांची बावीस पावलं व्हायची. ती सगळी मोजली. तोवर तेल फार तापलं होतं, मोहरी टाकताक्षणी करपली. तो वास गॅलरीभर पसरला, आणि मी झारा हातात धरून ऐकत राहिले... आता त्या ओरडतील म्हणून.