बुधवारचा खाडा

माझी धाकटी जाऊ सुपरवायझरच्या खुर्चीवर बसली, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोळंबीच्या कंपनीत आम्ही दोघी एकत्रच लागलो. सोलायला हात माझा चालायचा, तिचा आपला बेताचाच. आणि महिन्याचा पगार कुणाला, तर तिला! मी अजून किलोवर मजुरी घेते.

का, तर मध्ये माझं तिसरं बाळंतपण आलं. पोट वाढलं तसं बर्फाच्या पाण्यात उभं राहवेना, घरी बसले. परत आले तर नळाजवळची माझी जागा दुसरीला दिलेली. नळ लांब असला की दर टोपाला उठावं लागतं, किलो कमी भरतात.

तिसरं मला नकोच होतं. पण गावच्या उपकेंद्रात तांबी बसवायला डॉक्टरीणबाई यायच्या बुधवारी, आणि बुधवारीच कंपनीची गाडी भरायची. त्या दिवशी खाडा केला की नळाजवळची जागा गेलीच म्हणून समजा. मी आपली पुढच्या बुधवारी जाईन म्हणत राहिले नि दिवस गेले. जावेचं माहेर रत्नागिरीत, मांडवीला. सणाला म्हणून गेली आणि रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातून तांबी बसवून आली, घरात कुणाला पत्ता नाही. माझं माहेर पडलं खेडच्या पलीकडे, आडगावात. मागाहून नणंदेकडून हे कळलं तेव्हा मी जळून खाक झाले. तिचे कोरडे हातसुद्धा मला बघवेनात.

यंदा नव्या शेडला आणखी एक सुपरवायझर घेणार असं कळलं. ती जागा मला हवी होती. नेमकी त्याच महिन्यात पाळी लांबली. आली तेव्हा मोरीत बसून रडले, आणि दुसऱ्या दिवशी जावेपुढे जाऊन बुधवारची रजा मागितली. ती म्हणाली, खुशाल जा, तुमची जागा कुणाला देणार नाही. इतकं सोपं होतं मेलं! माझं डोकंच फिरलं. तू रत्नागिरीला तांबी बसवलीस तेव्हा मला का नाही सांगितलंस, म्हणून विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, "ताई, तुमचा हात चालायचा. सांगितलं असतं, तर या खुर्चीवर तुम्ही बसला असतात."

म्हणजे ही बया माझ्यावर जळत होती! मला इतका राग आला, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

बुधवारी तांबी बसवून आले. गुरुवारी कामावर गेल्या गेल्या तिला तोंडावर सांगितलं, "नव्या शेडला माझं नाव तू स्वतः सांगायचंस."