पिंजऱ्यातली सैल दांडी

फिंच पाखरांची जोडी जमवणं लग्न जमवण्यापेक्षा सोपं. पत्रिका नसते आणि मधे बोलायला आत्याबाई नसतात. चार-सहा पाखरं एका पिंजऱ्यात सोडायची आणि आपण गप्प बसायचं. शनिवार पेठेतल्या आमच्या बाल्कनीत नारिंगी गालाच्या एका नराने आपली आपणच एक करडी मादी निवडली. दोघं अंगाला अंग लावून बसत, एकमेकांच्या मानेची पिसं साफ करत. ती घरट्याच्या मडक्यात शिरून दिसेनाशी झाली की तो खेळण्यातल्या पिपाणीसारखा ओरडे आणि ती आतून लगेच ओ देई. मी त्यांना वेगळा पिंजरा दिला, मडक्यात काथ्या घातला, चोच घासायला समुद्रफेण टांगला. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे हौस शिल्लकच होती.

अंडी झाली. मोबाईलच्या उजेडात धरून पाहिली तर आत नुसतं पिवळं, जिवाची लाल रेघ कुठेच नाही. दुसऱ्या खेपेलाही तेच. मग चहाच्या वेळी मी निकाल दिला, "मादीच वांझ आहे. बदलून टाकते." आमचे हे समोर पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी घातली आणि आत निघून गेले. त्यांना काय लागलं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

लोणी काळभोरला एक जण जाळीची मोठी खोली करून फिंच पाळतो. त्याला मी करडी दिली आणि बदल्यात एक पांढरी मादी घेतली. वर देताना सांगितलंसुद्धा, "ही काही उपयोगाची नाही बरं का!" घरी माझा नर कितीतरी दिवस पिपाणी वाजवत राहिला. ओ आली नाही. शेवटी तो पांढरीशेजारी जाऊन बसला, तेव्हा मी "बघा, रुळला," म्हणून मिरवून घेतलं.

पांढरीची अंडीही तशीच निघाली.

एका सकाळी पाणी बदलताना मी पाहिलं. नर पांढरीच्या पाठीवर चढला आणि पायाखालची दांडी गर्रकन फिरली. दोघं फडफडत खाली. तो पुन्हा चढला, दांडी पुन्हा फिरली. तिचं एक टोक तुटलं होतं आणि ते मीच कधीतरी शिवणाच्या दोऱ्याने बांधलं होतं. गाठ माझी सैल होती, आणि घराबाहेर काढलं मी करडीला.

मला माझीच लाज वाटली. हा निकाल मी आयुष्यभर ऐकला होता. सासूबाई आल्यागेल्यासमोर म्हणायच्या, "आमच्या नशिबी हीच आली." तपासण्या माझ्या झाल्या, उपास माझे झाले, औषधं मी गिळली. डॉक्टरांना माझ्यात काही सापडलं नाही. ह्यांनाही तपासावं असं घरात कोणी म्हटलं नाही आणि हे आपणहून गेले नाहीत. एवढं सोसलेली बाई मी. पण एका पिंजऱ्याचा कारभार हाती आला आणि मी सासूबाईंचीच री ओढली.

दांडी तारेने घट्ट केली आणि रिकामा पिंजरा घेऊन लोणी गाठलं. पक्षीवाला हसला. "मावशी, वांझ कुटली? ह्ये बगा, पिल्लं हायेत तिची." करडी मडक्याच्या तोंडाशी बसली होती आणि तिला खेटून दुसराच नर. "न्यायची आसंल तर न्या," तो म्हणाला. पुन्हा तिचं घर मोडायला माझा हात धजला नाही. जाळीजवळ तोंड नेऊन मी तिला एवढंच म्हटलं, "तुझं काही चुकलं नव्हतं गं."

दार ह्यांनी उघडलं. "आणली नाहीस?"

मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. दांडीचं, पिल्लांचं, जाळीजवळ मी तिला काय म्हटलं तेही.  कडीवर हात ठेवूनच हे खाली बघत म्हणाले, "हे मी आईसमोर म्हणायला हवं होतं. तुझ्याबद्दल."

एरवी मी फाडकन बोलले असते. इतक्या वर्षांचं साठवलेलं बरंच होतं माझ्याकडे. पण माझ्याच हातात रिकामा पिंजरा होता, आणि आत बाल्कनीत नर पुन्हा पिपाणी वाजवत होता.